पुसायची सोय नाही

साठवणुकीची कुठलीही लायब्ररी हातात आली की मी आधी तिच्यातल्या फंक्शनांची यादी चाळतो. फाईल ठेवा, आणा, यादी द्या, पुसा. नावं बदलतात, कामं तीच असतात, आणि अर्ध्या तासात अंदाज येतो की आपले पुढचे आठवडे कसे जाणार. आरवीव्ह या विकेंद्रित साठवणुकीच्या जाळ्याच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीची यादी लहान निघाली. व्यवहार तयार करा, त्याला टॅग लावा, सही करा, पाठवा, स्थिती विचारा, डेटा परत वाचा. पुसण्याचं फंक्शन नव्हतं. बदलण्याचंही नव्हतं. हे मला आधीपासून ठाऊक होतं. आरवीव्हची सगळी जाहिरातच त्यावर आहे. तरी ठाऊक असणं वेगळं, आणि एडिटरमध्ये टिंब दिल्यावर खाली उघडलेल्या यादीत ते नाव न दिसणं वेगळं.

काम होतं अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाचे जुने अंक जपून ठेवण्याचं. सत्तरच्या दशकापासूनचे. सुरुवातीचे अंक हातानं लिहून झेरॉक्स काढलेले, मधले भारतातून टाइप करून मागवलेले, नंतरचे संगणकावर अशा फॉन्टमध्ये जुळवलेले की आज मूळ फाईल उघडली तर पानभर निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. कुणीतरी मेहनत करून सगळं स्कॅन केलं होतं, वेबसाईटवर चढवलं होतं, आणि मग ती वेबसाईटच गेली. कारण नेहमीचं. कमिटी दर वर्षा-दोन वर्षांनी बदलते. डोमेन एका माजी सचिवांच्या नावावर, होस्टिंगचे पैसे दुसऱ्याच कुणाच्या कार्डावरून, आणि नूतनीकरणाची ईमेल तिसऱ्याच्या कधी न उघडलेल्या खात्यात. स्कॅन एका हार्ड डिस्कवर शिल्लक होते म्हणून निभावलं. पुण्यात बसून मी हे काम घेतलं तेव्हा मंडळाची अट एकच होती: पुढच्या कमिटीला काही करावं लागू नये.

या अटीमुळे निवड सोपी झाली. विकेंद्रित साठवणुकीची बहुतेक जाळी भाड्यानं चालतात. २०२० साली सुरू झालेल्या फाइलकॉइनमध्ये साठवणाऱ्याला आपल्याकडे डेटा खरंच आहे याचे गणिती पुरावे सतत द्यावे लागतात. व्यवस्था चोख आहे, पण करार मुदतीचा असतो. किमान १८० दिवसांचा, आणि मुदत संपली की पुन्हा कुणीतरी बघायला हवं. २०१५ पासून चालू असलेल्या सायामध्ये फाईलचे तीस तुकडे होतात आणि त्यातले कुठलेही दहा मिळाले तरी फाईल पुन्हा उभी राहते. मला ते गणित फार आवडतं. पण तिथेही करार संपतात, ते पुन्हा करणारं सॉफ्टवेअर कुठेतरी चालू ठेवावं लागतं, आणि त्या कुठेतरीचं वीजबिल कुणीतरी भरावं लागतं. म्हणजे पुन्हा सचिव, पुन्हा कार्ड.

आरवीव्ह सॅम विल्यम्स आणि विल्यम जोन्स या दोघांनी उभं केलं आणि २०१८च्या जूनमध्ये ते सुरू झालं. इथे पैसे एकदाच भरायचे. त्यातला थोडा भाग साठवणाऱ्यांना लगेच मिळतो, मोठा भाग एका निधीत जातो, आणि त्या निधीतून पुढची साठवणूक भागते. हिशेब असा मांडला आहे की आजच्या दरानं साधारण २०० वर्षं पुरेल एवढी रक्कम सुरुवातीलाच घ्यायची, आणि साठवणुकीचा खर्च वर्षाला निदान ०.५ टक्का उतरत राहिला तर निधी संपणारच नाही. गेल्या काही दशकांत खर्च यापेक्षा कितीतरी वेगानं उतरला आहे. तरीही हा अंदाज आहे, हमी नाही, असं मी कमिटीला लेखी कळवलं आणि हार्ड डिस्क फेकू नका असंही लिहिलं. खजिनदारांचं उत्तर आलं, “आमच्या पुढच्या कमिटीपेक्षा हा अंदाज बरा.”

पैशांचा प्रश्न वाटला त्यापेक्षा आधी आला. आरवीव्हवर लिहायचं तर त्याचं नाणं लागतं. आमच्या सीए मॅडमना विचारलं, तर त्यांनी चष्मा काढून ठेवला. एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, त्याच वर्षीच्या जुलैपासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस, आणि तोटा झाला तर तो कशातूनच वजा करता येत नाही. “तुला प्रोग्रामिंगचे पैसे मिळतायत ना? मग ते नाणं हातात घेऊच नकोस.” त्यामुळे शेवटी खजिनदारांनीच कार्डानं पैसे भरून एका मध्यस्थ सेवेत खातं उघडलं. अशा सेवा बऱ्याच लहान फाईली एका व्यवहारात बांधून पाठवतात. मध्यस्थ नको म्हणून इथवर आलो आणि पहिल्याच पायरीवर मध्यस्थ आला, हे खरं आहे. फरक इतकाच की या मध्यस्थानं काम नीट केलं की नाही, ते आपल्याला बाहेरून तपासता येतं.

आणि तपासणं हेच माझं निम्मं काम होऊन बसलं. साध्या क्लाऊडवर फाईल पाठवली, समोरून २०० हा आकडा आला, की आपण विसरून जातो. इथे व्यवहारावर सही केली की लगेच त्रेचाळीस अक्षरांचा क्रमांक मिळतो. हा क्रमांक सहीवरून निघतो, आणि सही माझ्याच लॅपटॉपवर होते, इंटरनेट बंद असलं तरी होते. म्हणजे फाईल घराबाहेरही पडलेली नसते आणि तिचा कायमचा पत्ता माझ्या हातात असतो. नवख्या माणसाला तो पत्ता म्हणजे पावती वाटते. तो पत्ता एक्सेलमध्ये चिकटवून समोर ‘झालं’ लिहायचा मोह भयंकर असतो. पाठवल्यावरही सुरुवातीला लायब्ररी स्थिती ‘प्रलंबित’ अशीच सांगते. सरासरी दोन मिनिटांनी एक ब्लॉक बनतो, आपला व्यवहार त्यातल्या एखाद्यात शिरतो, आणि मग त्याच्यावर पुढचे ब्लॉक रचले जातात तशी पुष्ट्यांची संख्या वाढते. कधी व्यवहार शिरतच नाही, आणि स्थिती विचारल्यावर असा कुणी नाहीच असं उत्तर येतं.

म्हणून माझ्या वहीत प्रत्येक अंकापुढे रकाने होते: सही झाली, पाठवला, ब्लॉकमध्ये गेला, पुरेशा पुष्ट्या मिळाल्या, आणि शेवटचा रकाना, दुसऱ्या गेटवेवरून, म्हणजे जाळ्यातला डेटा वाचायला देणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरून, उतरवून मूळ फाईलशी ताडला. दुसऱ्या गेटवेवरून अशासाठी की मध्यस्थ सेवा स्वतःच्या दारातून फाईल लगेच दाखवू लागते, ती ब्लॉकांच्या साखळीत पोचलेली असो वा नसो. शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण पडेपर्यंत मी कमिटीला काहीच कळवत नसे. खजिनदारांना हा संथपणा पटला नाही, पण त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही.

सहीची आणखी एक गंमत आहे. आयपीएफएस या दुसऱ्या जाळ्यात एकच फाईल त्याच पद्धतीनं कितीदाही टाका, पत्ता तोच येतो, कारण तो मजकुरावरून काढलेला असतो. आरवीव्हच्या सहीत दर वेळी थोडा यादृच्छिक भाग मिसळलेला असतो, त्यामुळे तीच फाईल पुन्हा पाठवली तर नवा पत्ता, नवे पैसे, आणि दोन्ही प्रती कायमच्या. आपली स्क्रिप्ट मध्येच पडली तर ‘पुन्हा चालव’ म्हणायची आपल्याला सवय असते. इथे ती सवय महाग पडते. म्हणून सही करण्याआधी प्रत्येक फाईलचा हॅश काढून तो लॅपटॉपवरच्या नोंदवहीत आहे का हे बघणारं एक फंक्शन मी लिहिलं. या सगळ्या कामातला माझा सर्वांत उपयोगी कोड तोच, आणि तो जेमतेम पंधरा-वीस ओळींचा आहे. मोठ्या फाईलींसाठी लायब्ररीची सोय मात्र चांगली आहे. ती २५६ किबीबाइटचे तुकडे करून एकेक पाठवते, आणि कुठवर पोचलो ते जपून ठेवून नंतर तिथूनच पुढे जाता येतं. गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा याची किंमत कळते. फक्त सही करून फार वेळ थांबायचं नाही. सहीत अलीकडच्या एका ब्लॉकचा संदर्भ असतो आणि तो पन्नास ब्लॉक जुना झाला की व्यवहार बाद. दुपारी सह्या करून ठेवू आणि रात्री नेट मोकळं असताना पाठवू, असं चालत नाही.

खऱ्या जाळ्यावर काही टाकण्याआधी मी सगळं आर्लोकल नावाच्या नकली जाळ्यावर करून पाहत होतो. ते आपल्याच संगणकावर चालतं, त्यात खोटी नाणी हवी तेवढी मिळतात, आणि ब्लॉकही आपणच ‘खणायचा’. त्याचा पोर्ट क्रमांक १९८४ आहे, खऱ्या आरवीव्हचाही तोच. नाण्याच्या सर्वांत लहान भागाचं नाव विन्स्टन. असे एकावर बारा शून्यं इतके विन्स्टन मिळून एक नाणं होतं. ऑर्वेलची कादंबरी वाचलेल्यांना हा इशारा लगेच कळेल. तिच्यातल्या विन्स्टन स्मिथची नोकरीच जुनी वर्तमानपत्रं मागाहून दुरुस्त करण्याची आहे. जुने अंक साठवायला घेतलेल्या माणसाला हे नाव रोज स्क्रीनवर दिसत राहणं जरा टोचतं.

टोचलं ते प्रत्यक्षात टॅगांपाशी. प्रत्येक व्यवहाराला नाव-किंमत अशा जोड्यांचे टॅग लावता येतात आणि पुढे त्यांवरूनच शोध घेता येतो. सगळ्या टॅगांना मिळून जागा २,०४८ बाइट. इंग्रजीत ही जागा ऐसपैस आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, आणि चिन्ह म्हणजे आपण समजतो ते अक्षर नव्हे. ‘क्षि’ लिहायला क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं लागतात, म्हणजे बारा बाइट. ‘दिवाळी विशेषांक’ आणि त्यापुढे संपादक मंडळातल्या सगळ्यांची आडनावं लिहिली की जागा बघता बघता भरते. लेखकांची पूर्ण यादी त्यामुळे टॅगांत बसली नाही. ती वेगळ्या फाईलमध्ये गेली.

जागेपेक्षा वाईट प्रश्न ‘वऱ्हाड’नं उभा केला. वऱ्हाडातल्या आठवणींवरचा एक लेख होता. नकली जाळ्यावर त्याला टॅग लावला, शोध घेतला, आणि काही मिळेना. स्क्रीनवर दोन्ही शब्द हुबेहूब एक. बाइट उलगडून पाहिले तेव्हा कळलं की मंडळाकडून आलेल्या यादीत तो अर्धा र साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असा लिहिलेला होता, आणि माझ्या कळफलकानं त्यासाठी ‘ऱ’ हे वेगळंच चिन्ह वापरलं होतं. शोध अचूक बाइटांवर चालतो, त्यामुळे हे दोन वऱ्हाड एकमेकांना ओळखत नव्हते. युनिकोडचं ठरलेलं प्रमाणीकरण फंक्शन हा फरक मिटवत नाही, त्यासाठी आपला नियम आपणच लिहावा लागतो. नेहमीच्या डेटाबेसमध्ये असली भानगड कळली की एक ओळ चालवून सगळ्या जुन्या नोंदी दुरुस्त करतात. इथे ती ओळ नाही. पाठवण्याआधी तऱ्हा, गोऱ्हा, कुऱ्हाड, बिऱ्हाड असे सगळे शब्द शोधून काढले.

मंडळाच्या बाजूनं माझं बोलणं ज्यांच्याशी व्हायचं त्या एक काकू होत्या. बरीच वर्षं त्यांनी हे अंक स्वतः संपादित केले होते. त्यांना ब्लॉकचेन समजावून सांगायची मी तयारी केली होती, तिची गरजच पडली नाही. एका अंकाच्या मुखपृष्ठावर शीर्षकातच ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती. टॅगमध्ये शुद्ध रूप लिहू का, असं मी विचारलं.

“छापलंय तसंच लिही. ती चूकही त्या अंकाचीच आहे. शोधायला हवं तर शुद्ध रूप वेगळं दे.”

मग प्रत्येक अंकाला दोन शीर्षकं आली, एक छापलेलं आणि एक शोधायचं. माझा कोड त्यानं थोडा वाढला, आणि जागेची तंगी आणखी वाढली.

कमिटीतल्या तरुण मंडळींना समजावणं अवघड गेलं. झूमवरच्या एका बैठकीत सूर असा होता की सगळं एकदम चढवून टाकू, कुणाची तक्रार आली तर तेवढं काढू. यातले तिघं-चौघं स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहेत. मी म्हटलं, काढता येणार नाही. त्यावर ‘म्हणजे अ‍ॅडमिनलाही नाही?’ असा प्रश्न आला. अ‍ॅडमिनच नाही. एखादा गेटवे एखादी फाईल दाखवणं बंद करू शकतो, साठवणारा ती न ठेवण्याचं ठरवू शकतो, पण ती काढून टाक असं ज्याला सांगावं असा कुणी एक माणूस नाही. आणि त्या अंकांत काय काय होतं! दर दिवाळी अंकाच्या शेवटी सभासदांची यादी: नाव, घरचा पत्ता, फोन, मुलांची नावं आणि वयं. वधू-वर सूचना. ‘आमच्या घराची चावी शेजारी ठेवली आहे’ या थाटाच्या सुट्टीच्या सूचना. पंचेचाळीस वर्षांपूर्वी दीडशे घरांत वाटलेल्या अंकात हे शोभून दिसत होतं. त्यातले काही फोन नंबर अजून चालू आहेत.

युरोपात २०१८ पासून आणि आपल्याकडे २०२३च्या कायद्यानं माणसाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे. यातल्या कुणाला कोणता कायदा लागू, याच्या खोलात मी गेलो नाही. मागणी आली तर पुरी करता येणार नाही, एवढं मला निश्चित ठाऊक होतं. एकानं सुचवलं की याद्या कुलूपबंद करून, म्हणजे एन्क्रिप्ट करून टाकू. तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपं. पण ती किल्ली पुन्हा कमिटीकडेच जाणार, आणि कुलूपबंद मजकूर मात्र चाळीस-पन्नास वर्षांनीही सगळ्या जगासमोर तसाच असणार. आजचं कुलूप तेव्हा उघडणार नाही, याचा भरवसा मी देऊ शकत नव्हतो.

काकू तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “यादीची पानं घ्यायचीच नाहीत. छापील अंक माझ्याकडे आहेत, ज्याला बघायचंय त्यानं घरी यावं.”

तिथून पुढे काही आठवडे मी कोड फारसा लिहिलाच नाही. काकू आणि मी रोज ठरल्या वेळी स्क्रीनवर एकेक अंक उघडून पानं बघत बसायचो. त्यांची सकाळ, माझी संध्याकाळ. श्रद्धांजली ठेवायची. मुलांच्या कविता ठेवायच्या, त्यांखालचा पत्ता झाकायचा. जाहिराती ठेवायच्याच, कारण त्या वेळी गावात मराठी माणसाचं किराणा दुकान होतं हे आणखी कुठेही लिहिलेलं नाही. ऐंशीच्या दशकातल्या एका अंकात एका बाईंनी आपल्या मोडलेल्या संसाराबद्दल स्वतःच्या नावानं लिहिलं होतं. लेख फार चांगला होता. काकूंनी त्यांचा नंबर शोधून फोन केला. त्या आता सत्तरीच्या पुढे आहेत. लेख राहू दे म्हणाल्या, नाव राहू दे, नवऱ्याचं नाव तेवढं काळं करा, त्याची मुलं वाचतील. दुसऱ्या एका गृहस्थांनी मात्र तरुणपणीची आपली राजकीय मतं नकोत म्हणून सांगितलं. तो लेख आम्ही वगळला. काकूंना ते मुळीच आवडलं नाही. मला त्या गृहस्थांचं म्हणणं पटलं होतं, आणि यावर आमचा वाद झाला तो अजून मिटलेला नाही.

काळं करण्यातही मेख आहे. पीडीएफमध्ये नावावर काळी चौकट काढली तरी खालचा मजकूर तसाच असतो. निवडून दुसरीकडे चिकटवला की उघडा पडतो. म्हणून अशी पानं आधी चित्रात बदलायची, चित्रावरच काळं करायचं आणि मग पुन्हा अंकात बसवायची. जुन्या स्कॅनमध्ये शोधासाठी म्हणून कुणी अदृश्य मजकुराचा थर घातला असेल तर तोही काढायचा. शेवटच्या रकान्याआधी मी आणखी एक रकाना वाढवला: झाकलेला शब्द फाईलमध्ये शोधून पाहिला, मिळाला नाही.

किल्लीबद्दल कमिटीला सर्वांत जास्त धास्ती होती. मध्यस्थ सेवेतली शिल्लक आणि सह्या ज्या पाकिटाच्या नावावर आहेत, त्याची किल्ली म्हणजे एक छोटी फाईल असते. ती हरवली तर अंक गेले का? नाही. वाचायला किल्ली लागतच नाही, अंक कुणालाही कधीही उघडता येतात. हरवेल ती उरलेली शिल्लक, आणि नवा अंक आमचाच आहे हे त्याच सहीनं सिद्ध करण्याची सोय. दोन पेन ड्राइव्ह केले, एक खजिनदारांकडे आणि एक काकूंकडे. खजिनदार बदलतील तेव्हा तो पेन ड्राइव्ह हातोहात द्यायचा, असा ठराव इतिवृत्तात नोंदवला आहे. काही करावं लागू नये ही अट इथे एवढीशी मोडली.

अंक चढल्यावर पहिली तक्रार आली ती खाजगीपणाची नव्हती. एका सभासदाच्या वडिलांचं नाव १९८६च्या नाट्यमहोत्सवाच्या वृत्तांतात चुकीचं छापलं होतं, ते बदलून द्या म्हणून. कमिटीनं ती ईमेल माझ्याकडे ढकलली, मी काकूंकडे. त्यांनी विचारलं, “छापून झालेल्या अंकात चूक निघाली की आम्ही काय करायचो?” पुढच्या अंकात शुद्धिपत्र. तेच करायचं ठरलं. शुद्धिपत्र स्वतंत्र व्यवहार म्हणून जाईल, त्याच्या टॅगमध्ये मूळ अंकाचा त्रेचाळीस अक्षरी पत्ता असेल, आणि आमचं वाचनपान कुठलाही अंक उघडताना त्याच्या नावानं एखादं शुद्धिपत्र आहे का हे आधी शोधेल. शुद्धिपत्र मंडळाच्याच सहीचं असेल तरच दाखवायचं, नाहीतर उद्या कुणीही कुणाच्याही अंकाला शुद्धिपत्र जोडेल, कारण जाळं तर सगळ्यांना खुलं आहे. ही सहीची तपासणी लिहून झाली आहे. काकूंनी मजकूर पाठवला आहे, पण त्यात १९८६च्या अंकातल्या आणखी सात चुका त्यांनी स्वतःहून घातल्या आहेत, आणि त्यातल्या दोन खरंच चुका आहेत का, यावर आमचं अजून एकमत व्हायचंय.